सहा नंबरचं एक मत

पाक वागिमानांनी मतपत्रिका दोन्ही हातांनी उन्हाकडे धरली, खिळ्यानं पाडलेल्या भोकातून तिळाएवढा उजेड त्यांच्या कपाळावर पडला आणि ते ओरडले, “सहा नंबर! मुर्तिनी! एक मत!” आणि मांडवातले सगळे एकदम हसायला लागले. वाईट हसले नाहीत, तेच तर वाईट होतं. लग्नात नवरीला चिडवतात तसं हसले. इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू, तर पाक वागिमान एरवी शिंपी, आज मतदान केंद्राचे प्रमुख, त्यांनी कागद फिरवून चारी बाजूंना दाखवला, लोकांनी दुपारपासून सवय झालेला “बरोबर!” एका सुरात म्हटला, आणि भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर, जिथे एक नंबरपुढे काड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे झाले होते, तिथे पार तळाला सहा नंबरच्या ओळीत पहिली काडी पडली. “अगं, स्वतःचं स्वतःलाच दिलंस होय!” कुणीतरी मागून म्हणालं. “मग काय करेल बिचारी, नवरा खाणीवर कालिमंतानला, दुसरं कोण देणार!” “लाजली बघा, लाजली!” आणि गल्लीच्या तोंडाशी भज्यांचा गाडा लावणारी बू यायुक, जिला गप्प बसलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं, ती तोंडातला घास न गिळताच म्हणाली, “आईचं का लेकीचं, तेवढं तरी सांग!” परत हशा. मुर्तिनीपण हसली. हात तोंडावर नेऊन, मान खाली घालून, पकडली गेल्यासारखी हसली, कारण सगळ्यांना तेच बघायचं होतं. आणि ते मत तिचं नव्हतं.

तिनं एक नंबरला दिलं होतं. सकाळी साडेआठला, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, दोरीला बांधलेला खिळा हातात घेऊन ती उभी राहिली होती आणि तिला तिचं नाव दिसलं होतं, चांगलं छापलेलं, ठसठशीत, शेवटचं. आणि काय झालं माहितीये, तिला लाजच वाटली. दुसऱ्याच्या घरात आरशासमोर केस विंचरताना कुणी बघितलं की वाटते ना, तशी. आडोशामागे काळं कुत्रं नव्हतं, तरी वाटलं कुणीतरी बघतंय, आणि खिळा आपला आपणच वर गेला, हार्तोयोंच्या, तिच्या साहेबांच्या नावावर, आणि टच्च. तेवढाच आवाज. बरं, नगरपरिषदेचं हे मतदान दुसऱ्यांदा होत होतं, दहा दिवसांपूर्वी भलत्याच प्रभागाच्या पत्रिका आल्या म्हणून सगळं रद्द झालं होतं, म्हणजे विचार करायला चांगले दहा दिवस मिळाले होते तिला, आणि दहा दिवसांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं की तिथे आपलं नाव आहे तर आपण ते टोचू शकतो. मग हे कुणी टोचलं? तिनं मान वर न करता डोळे फिरवले. प्लास्टिकच्या खुर्च्या, गुडघे, सपाता, खुर्च्यांच्या पायांना सुकलेला भरतीचा चिखल. यातलं कुणीतरी. कुणीतरी घरून ठरवून आलं, शेवटच्या नावापर्यंत गेलं, खिळा दाबला, आणि आता या हशात बसलंय, कदाचित स्वतःही हसतंय, आणि कदाचित तिच्याकडे बघतंय, की ही वर बघेल. तिनं वर बघितलं नाही.

नाव तिथे आलं तेच मुळी चहा देताना. ती हार्तोयोंच्या शाळेत कारकून, हजेरीपटापासून शिक्के मारण्यापर्यंत सगळं तिच्याकडे, आणि हार्तोयो शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, पक्षाचे या भागातले मुख्य, आणि यादीतले एक नंबर. त्या दिवशी कार्यालयात पक्षाची चार माणसं घाम पुसत बसली होती, कारण यादी द्यायला दोन तास राहिले होते आणि दर तीन नावांत एक बाई लागते, तिसऱ्या जागेवर हार्तोयोंची वहिनी होती, सहाव्या जागेवरच्या बाईनं ऐनवेळी पाय मागे घेतला होता. मुर्तिनी ट्रे घेऊन आत आली. हार्तोयोंनी तिच्याकडे असं बघितलं, जसं आपण घरभर चष्मा शोधतो आणि तो कपाळावरच सापडतो. “मुर्, तुझी ओळखपत्राची प्रत शाळेत आहेच ना? झालं तर मग!” सगळे हसले, सुटल्यासारखे. “तुला काही करायचं नाही गं. नुसतं नाव. फोटोला फक्त चांगला रुमाल बांध डोक्याला.” तिनं ट्रे काखेत धरून, उभ्या उभ्याच, अकरा ठिकाणी सह्या केल्या. एकही ओळ वाचली नाही. शाळेत आलेला प्रत्येक कागद दोनदा वाचणारी बाई ती, पालकांनी खाडाखोड केलेली जन्मतारीख लांबून ओळखणारी! आणि तिला तेव्हा काय वाटलं, तर बरं वाटलं. ही गोष्ट ती कुणाला सांगणार नव्हती, पण खुर्चीवर बसून तिला ती आता आठवलीच, की त्या क्षणी आपल्याला चक्क बरं वाटलं होतं, उपयोगी पडल्यासारखं. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “पगार वाढवतील का?” आणि ती म्हणाली, “अहो, नुसतं नाव आहे.” नुसतं नाव, नुसतं नाव. दोन महिने ती हे इतक्या जणांना म्हणाली की कुणी विचारायच्या आतच म्हणायला लागली.

आणि मग तो फळा. फळ्याची गोष्ट आठवली की तिच्या कानशिलांवर आत्ताही ऊन चढायचं. त्यांची वस्ती समुद्राकाठची, दर महिन्यात काही दिवस समुद्र गटारातून उलटा गल्लीत शिरतो, घराघरांची जमीन इतक्या वेळा उचललीय की जुन्या घरांच्या खिडक्या आता गुडघ्याला लागतात. तीन वर्षांपूर्वी मुर्तिनीनं शाळेतला एक टाकाऊ फळा आणून गल्लीच्या तोंडाशी, बू यायुकच्या गाड्याच्या वर, तारेनं बांधला आणि त्यावर रोज पहाटे शाळेत जाताना खडूनं लिहायला लागली, भरती किती वाजता, पाणी कुठपर्यंत, पंप चालू आहे का बंद. बंदराच्या कार्यालयातून तक्ता आणायची, पंपावरच्या माणसाला फोन करायची, तो उचलायचा नाही तर त्याच्या बायकोला करायची. बायका फळा बघून गाद्या वर टाकायच्या, दुकानवाले तांदळाची पोती उचलायचे. खाली नाव कधी घातलं नाही. घालायचं काय, भरतीला काय नाव असतं? आणि प्रचाराच्या सभेत, याच मांडवात, हार्तोयो माईक धरून म्हणाले, “आणि तो भरतीचा फळा! तीन वर्षं, एक दिवस खंड नाही! तुमच्या गाद्या कोरड्या राहाव्यात याची काळजी आमच्या पक्षाला आहे!” आणि टाळ्या. आणि मुर्तिनी, व्यासपीठावर मागच्या रांगेत, कोपऱ्यात, बोटांना अजून खडू लागलेला, तिनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी वाजवल्या, हेही तिला आठवत होतं. त्यांनी मागे वळून तिच्याकडे बघून मान डोलावली, तिला वाटलं आता नाव घेतील, आणि तिला इतकी भीती वाटली नाव घेतील म्हणून, की त्यांनी घेतलं नाही तेव्हा तिनं सुटकेचा श्वास टाकला. असं कसं असतं माणूस? असं कुणी तिला केलं? पण ‘कुणी केलं’ म्हटलं की लगेच आईचा चेहरा समोर यायचा आणि ती विचार तिथेच सोडायची.

कारण आईचं तर याहून वाईट होतं, म्हणजे मुर्तिनीनं आईचं जे केलं ते. आई, घरात नुसती इबू, बाहेर इबू कास्मिनाह, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली, तिला मतदानाला हात धरून मुर्तिनीनंच आणलं होतं. अंध माणसाबरोबर आडोशात जायला एक अर्ज असतो, त्यावर सही करावी लागते, की मतदार सांगेल तसंच करीन आणि कुणाला सांगणार नाही. तिनं सही केली, हीसुद्धा न वाचता. आडोशामागे आई कुजबुजली, “न्दुक, तुझं नाव.” आई तिला अजून न्दुक म्हणायची, सहा वर्षांच्या पोरीला हाक मारावी तसं. “तुझ्या नावावर ठेव खिळा, दाबते मी.” मुर्तिनीनं आईचा हात हातात घेतला, हलका, कोरडा, लसणाच्या सालासारखा, आणि तो हात वर नेला. एक नंबरवर. आईनं दाबलं. टच्च. का केलं? हार्तोयोंची भीती? छे, त्यांना कुठून कळणार होतं. नोकरी? तसंही नाही. आता मांडवात, पाक वागिमान “एक नंबर! एक नंबर! पुन्हा एक नंबर!” ओरडत असताना, ती स्वतःशी खरं बोलली, की लोक हसतील म्हणून. तक्त्यावर एक काडी पडली असती, आईची लेकीला, आणि लोक म्हणाले असते बघा बघा, घरातल्या घरात. शून्य असतं तर कुणी हसलं नसतं, शून्याकडे कुणी बघत नाही. शून्य राहावं म्हणून तिनं आईचं मत चोरलं होतं. आणि तरी काडी पडलीच, आणि लोक हसलेच.

मोजणी चारला संपली. एक नंबर एकसष्ट, तीन नंबर नऊ, सहा नंबर एक. हार्तोयो येऊन तिच्या पाठीवर थोपटून गेले, “शाबास, मुर्! आपल्याला आपण मत दिलं पाहिजे, मीही तेच करतो!” ती म्हणाली, “हो, पाक.” हो म्हणाली! तिच्या पायांनी तिला घरी नेलं.

आई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर सूप, सुपात छोटे कांदे, बोटांनी चाचपून सोलत. केंद्रावरचा भोंगा दारातच असल्यासारखा ऐकू यायचा इथे.

“आलीस? ऐकलं मी. एक.”

“हो, इबू.”

“एक तर एक. बरं झालं.”

“काय बरं झालं?”

“तुझं तू स्वतःला दिलंस ते. मला धाकधूक होती, तेही तिकडेच जातंय की काय.”

मुर्तिनी सपाता काढायला वाकली होती, ती वाकलेलीच राहिली. “तेही?”

आईनं कांद्याचं साल सुपाच्या कडेला नीट ठेवलं. “माझं तू वर नेलंस ना.” रागानं नाही, पाऊस येतोय म्हणावं तसं. “यायुकनं मला नमुन्याच्या पत्रिकेवर शिकवलं होतं, आठवडाभर. पक्षाच्या चित्राखाली चार बोटं, तेवढ्यात वरची पाच नावं बसतात. चार बोटं ठेवायची, करंगळीच्या खाली तू. माझा हात तू पहिल्या बोटालाच थांबवलास, न्दुक. डोळे गेलेत, हात कुठे गेलेत?”

“मग... मग तिथे का नाही बोललात?”

“बाहेर माणसं उभी होती. म्हटलं असेल काही, त्याच्या शाळेत तू कामाला. माझं घेतलं तर घेतलं, मी काय, म्हातारी. म्हटलं स्वतःचं तरी ठेवेल. म्हणून दुपारपासून भोंग्याला कान लावून बसले होते. सारखं आपलं एक नंबर, एक नंबर. आणि मग तुझं नाव आलं, आणि मी कांदे सोलायला घेतले.”

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. मुर्तिनी मोरीत गेली, हातावर पाणी घेतलं, शाईत बुडवलेलं बोट घासलं, ती जायची नव्हती, दोन-चार दिवस तरी नाही. गप्प बसणं किती सोपं होतं! सगळ्या जगानं आयतं दिलेलं खोटं, मांडवानं दिलेलं, हार्तोयोंनी दिलेलं, आणि आता आईनं, आणि आईनं तर त्याच्यावर माफी ठेवून दिलेली, भातावर झाकण ठेवावं तशी. नुसतं ‘हो’ म्हणायचं. नाही, ‘हो’सुद्धा नाही, काहीच नाही म्हणायचं. तिला बाबांचं मयत आठवलं. बाबा एकवीस वर्षं गल्लीप्रमुख होते आणि त्यांची पत्रं शहरभर नावाजलेली, पुलासाठी, नळासाठी, दवाखान्यातल्या नर्ससाठी, एक पत्र तर म्हणे महापौरांनी चौकटीत लावलेलं, आणि मयताला आलेला प्रत्येक माणूस म्हणत होता, असं लिहिणारा पुन्हा होणे नाही. आणि ती सगळी पत्रं आईनं लिहिलेली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, बाबा नुसते खाली सही करायचे आणि विचारायचे, काय लिहिलंय आज? मुर्तिनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तिला सगळं माहीत होतं, आणि ती आईकडे बघत होती, की आता बोलेल, आता बोलेल. आई चहाचे पेले भरत होती. मोगऱ्याचा वास येणारा गोड चहा. “साखर बरोबर आहे ना?” आई विचारत होती माणसांना. त्या दिवशी मुर्तिनीनं ठरवलं होतं की आपण असं कधी करायचं नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत तेच केलं होतं, ट्रेसकट.

ती मोरीच्या दारात उभी राहिली. “इबू, ते मत माझं नाही.”

आईनं हातातला कांदा सुपात ठेवला.

“मीसुद्धा वरच दिलं. एक नंबरला.”

 मुर्तिनीला वाटलं, आई आता रडेल, आणि रडली असती तर बरं झालं असतं, तिला जवळ जाता आलं असतं. पण आईचा चेहरा नुसता लहान लहान होत गेला. मग ती म्हणाली, “मग कुणाचं?”

“माहीत नाही.”

“शोधलंस?”

“असं कसं शोधणार? गुप्त असतं ते.”

“म्हणजे तिथे कुणीतरी होतं.” आई सावकाश म्हणाली, एकेक शब्द चाचपून. “आणि ते सगळे हसले, ते मी ऐकलं. तुला नाही गं हसले ते. त्या माणसाला हसले. तुला मत दिलं म्हणून त्याला हसले.” मग तिनं मान वळवली, बरोबर मुर्तिनी होती तिकडे. “तू काय केलंस?”

मुर्तिनीनं तोंड उघडलं. मांडवातला स्वतःचा हात दिसला तिला, तोंडावर नेलेला. “हसले,” ती म्हणाली. “मीपण हसले.”

आईनं सूप बाजूला केलं आणि कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी मुर्तिनीनं भात लावला. आईनं जेवताना एकदाच तोंड उघडलं, “मीठ दे,” म्हणाली, आणि मुर्तिनीनं मीठ दिलं, आणि ते इतक्या प्रेमानं दिलं की तिचं तिलाच कसंतरी झालं.

पहाटे ती नेहमीसारखी खडू घेऊन निघाली, तर आई दारात उभी. रुमाल बांधून, काठी घेऊन. “मला फिरायचंय,” म्हणाली.  गल्लीत पाणी अजून यायचं होतं, फक्त गटारं भरून चकाकत होती. बू यायुक गाड्यावर तेल तापवत होती, तेंपेचे, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांचे, तुकडे पिठात बुडवून ठेवलेले. “काय हो उमेदवारबाई!” ती ओरडली, “आज फळ्यावर काय, विजयाची मिरवणूक का?” मग तिला मागे आई दिसली आणि ती गप्प झाली. बू यायुक गप्प झाली!

मुर्तिनीनं फळा पुसला. लिहिलं: भरती सकाळी नऊ चाळीस. पाणी गुडघ्याच्या खाली. पंप चालू. मग थांबली. खडू बोटांत गरम झाला. खाली बरीच जागा रिकामी होती, रोजच असायची, तीन वर्षं तिला ती कधी दिसली नव्हती. मागे दोन माणसं भज्यांसाठी येऊन उभी राहिली होती, एक सायकलवाला थांबला होता, आणि तिच्या मानेवर तेच ऊन चढलं, मांडवातलं, आडोशातलं, व्यासपीठावरचं. हात खाली यायला बघत होता. तिनं तो वर धरून ठेवला आणि लिहायला लागली, भराभर, अक्षरं वाकडी, खडू दोनदा तुटला. लिहून झाल्यावर मागे सरकली. तिनं गाड्याचा दांडा धरला.

“काय लिहिलंय?” आईनं विचारलं. “यायुक, वाच.”

बू यायुकनं झारा ठेवला, हात पुसले. काल पाक वागिमान वाचत होते तशी, पण हळू, वाचायला लागली. “भरती सकाळी नऊ चाळीस. पाणी गुडघ्याच्या खाली. पंप चालू.” ती फळ्याजवळ सरकली. “सहा नंबरला पडलेलं एक मत माझं नाही. मी एक नंबरला दिलं. माझ्या आईला सहा नंबरला द्यायचं होतं, तिचा हातही मीच वर नेला. ज्यांनी मला मत दिलं त्यांना सगळे हसले आणि मीही हसले. त्यांची मी माफी मागते. हा फळा मी लिहिते.”

तेल तडतडत होतं. सायकलवाल्यानं एक पाय जमिनीवर टेकवला आणि परत पहिल्यापासून वाचायला लागला, ओठ हलवत. बू यायुक फळ्याकडेच बघत होती, मुर्तिनीकडे बघेना, आणि तिचा चेहरा तेलाच्या धगीनं लाल झाला होता की कशानं, ते मुर्तिनीला कळेना आणि तिनं विचारलंही नाही.

“झालं?” आई म्हणाली.

“झालं, इबू,” बू यायुक म्हणाली.

“खाली नाव आहे?”

बू यायुकनं फळ्याच्या तळापर्यंत बघितलं. मुर्तिनीनंही बघितलं. “नाही,” बू यायुक म्हणाली, “नाव नाही.”

विसरली होती. खरंच, देवाशपथ, विसरली होती. आईनं काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात पुढे केला, फळा चाचपला, शेवटच्या ओळीचा ताजा खडू बोटांना लागला तिथे थांबली, आणि त्याच्या खाली चार बोटं आडवी ठेवली.

“इथे,” ती म्हणाली.

खडूचा नखाएवढा तुकडा राहिला होता. मुर्तिनीनं तो घेतला आणि आईच्या करंगळीखाली लिहायला लागली.